तरुण वयातील पक्षाघात आणि मानेतील धमनीला पडणारी चीर

॥ श्री ॥



देवस्थानाच्या संकेतस्थळावर उत्सवांच्या सूचना, सेवांचे तपशील व धार्मिक लेख आम्ही नियमाने देत असतो. देवाच्या दारी येणारा भाविक देहाने सुखरूप असावा, हीही देवस्थानाची चिंता असल्यामुळे आरोग्याचा एखादा विषय अधूनमधून घ्यावा असे समितीस वाटते. या खेपेस घेतलेला विषय बहुतेकांना अपरिचित असेल. पक्षाघात, ज्याला आपल्याकडे लकवा किंवा ‘अंगावरून वारे जाणे’ असेही म्हणतात, तो उतारवयाचा आजार आहे अशी आपली पक्की समजूत असते. ती बव्हंशी खरी असली तरी पूर्णपणे खरी नाही. तिशी-चाळिशीतील, ज्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कसलेही व्यसन नाही, अशा धडधाकट माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला पडलेली चीर.

हा विषय मुद्दाम निवडण्याचे कारण असे की, या आजारात पुष्कळदा पूर्वसूचना मिळते. ती ओळखून वेळीच रुग्णालय गाठले तर पुढचे अपंगत्व टळू शकते. उलट ‘तरुण आहे, मान आखडली असेल, पित्त झाले असेल’ असे म्हणत घालवलेले काही तास आयुष्यभर भोगावे लागतात. म्हणून हा प्रपंच.

मेंदूकडे जाणाऱ्या चार वाटा

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्केच असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. हा प्राणवायू रक्तातून पोहोचवणाऱ्या मुख्य धमन्या चार आहेत. त्यांपैकी दोन मानेच्या पुढच्या भागात, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. कंठमण्याच्या बाजूला बोट ठेवले असता जी नाडी लागते ती याच धमनीची. वैद्यकीय भाषेत तिला ‘कॅरोटिड’ म्हणतात. उरलेल्या दोन मानेच्या मागच्या भागात असून त्यांना ‘व्हर्टिब्रल’ असे नाव आहे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंस छिद्रे असतात. त्या छिद्रांतून, एखादा दोर कड्यांतून ओवावा तशा या दोन धमन्या वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरतात.

पुढच्या दोन धमन्या मेंदूच्या मोठ्या भागाला रक्त पुरवतात. हातापायांची हालचाल, वाचा व समज हे त्या भागाचे व्यापार होत. मागच्या दोन धमन्या लहान मेंदूला आणि मेंदूच्या देठाला रक्त देतात. तोल सांभाळणे, गिळणे, डोळ्यांची हालचाल, श्वासोच्छ्वास व शुद्ध यांचा कारभार तेथून चालतो. कोणत्या धमनीत बिघाड झाला यावर रुग्णात दिसणारी लक्षणे अवलंबून असतात, ती अशी.

चीर पडते म्हणजे नेमके काय होते

धमनीची भिंत तीन थरांची असते. सर्वांत आतले अस्तर पातळ व गुळगुळीत, मधला थर स्नायूंचा आणि बाहेरचा थर आधार देणारा. काही कारणाने आतल्या अस्तराला चीर पडली की वाहते रक्त त्या चिरेतून भिंतीच्या थरांमध्ये शिरते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. कधी कधी आतले अस्तर शाबूत असूनही भिंतीतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटते व रक्त थरांमध्येच साचते. भिंतीवरचा गिलावा आत ओल शिरून फुगावा, तसा हा प्रकार होय.

यातून दोन संकटे उद्भवतात. साचलेल्या रक्ताच्या फुगवट्याने धमनीची आतली वाट अरुंद होते आणि क्वचित पूर्ण बुजते. दुसरे संकट अधिक नेहमीचे आहे. चिरेच्या खडबडीत जागी रक्ताची गुठळी जमते, तिचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर वर जातो आणि मेंदूतील एखाद्या लहान वाहिनीत अडकतो. तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व पक्षाघात होतो. चीर पडणे आणि गुठळी मेंदूत पोहोचणे या दोहोंमध्ये काही मिनिटांचे, काही तासांचे वा काही दिवसांचे अंतर असू शकते. बहुतेक वेळा धोका पहिल्या दोन आठवड्यांत असतो. हे मधले अंतर हीच रुग्णाला मिळालेली संधी होय.

हा आजार एकंदरीत विरळाच आहे. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे तीन रुग्ण असे प्रमाण आढळले होते. तपासणीची साधने सुधारल्यावर ते याहून काहीसे अधिक असावे असे दिसू लागले आहे. रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या सर्व पक्षाघातांत याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. पण पन्नाशीच्या आतील रुग्णांचाच विचार केला तर हाच वाटा पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. रुग्णांचे सरासरी वय पंचेचाळीसच्या आसपास असते. म्हणजे कर्ता पुरुष वा घर सांभाळणारी गृहिणी ज्या वयात असते, त्याच वयावर या आजाराचा घाला पडतो.

पूर्वसूचना कशी ओळखावी

पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वेदना. मानेच्या एका बाजूस, जबड्यापाशी, डोळ्यामागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात अचानक उठलेली आणि ‘अशी कळ यापूर्वी कधी आली नव्हती’ असे रुग्ण स्वतःच सांगतो अशी वेदना. निम्म्याहून अधिक रुग्णांत ती असते. ज्यांना अर्धशिशीचा जुना त्रास आहे, त्यांनीही आपली नेहमीची डोकेदुखी आणि ही नवी वेदना यांतील फरकाकडे लक्ष द्यावे.

दुसरी खूण डोळ्यांत दिसते. पुढच्या धमनीला चीर पडली असता त्याच बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसते. धमनीला बिलगून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब आल्यामुळे असे होते. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी १८६९ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मानदुखीबरोबर हे चिन्ह दिसले, तर हात-पाय ठणठणीत असले तरीही त्याच दिवशी, विनाविलंब रुग्णालयात गेले पाहिजे.

तिसरी खूण म्हणजे कानात नाडीच्या ठोक्यांबरोबर ऐकू येणारा ‘सूं-सूं’ असा आवाज.

मागच्या धमनीला चीर पडली तर गरगरणे, चालताना एका बाजूस झोक जाणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, न थांबणारी उचकी लागणे अशी लक्षणे दिसतात. कधी चेहऱ्याच्या एका बाजूची आणि शरीराच्या विरुद्ध बाजूची ऊन-थंड कळण्याची जाणीव नाहीशी होते. हा चमत्कारिक वाटणारा प्रकार जर्मन वैद्य आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली सविस्तर वर्णिला. चक्कर व उलटी पाहून घरची मंडळी ‘पित्त झाले’ म्हणून लिंबूपाणी देत बसतात आणि वेळ जातो. नुसती चक्कर पुष्कळांना येते. परंतु चक्करेबरोबर नव्याने उठलेली मानदुखी, दुहेरी दिसणे, बोबडे बोलणे वा तोल जाणे यांपैकी एक जरी असेल, तरी ते पित्त समजू नये.

प्रत्यक्ष पक्षाघाताची चिन्हे पुष्कळांना ठाऊक आहेत, तरी पुन्हा सांगतो. रुग्णाला हसायला सांगावे. चेहरा एका बाजूस ओघळतो का ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलायला सांगावे. एक हात खाली येतो का ते पाहावे. एखादे साधे वाक्य बोलायला सांगावे. शब्द अडखळतात का ते ऐकावे. याखेरीज अचानक गेलेला तोल आणि अचानक अधू झालेली दृष्टी हीही पक्षाघाताचीच चिन्हे होत.

धमनीला चीर का पडते

याचे एकच एक कारण सांगता येत नाही. काहींच्या शरीरातील जोडऊती जन्मतःच नाजूक असतात. अर्धशिशी असणाऱ्यांत हा आजार तुलनेने अधिक आढळतो. नुकताच झालेला सर्दी-तापासारखा संसर्ग, उच्च रक्तदाब व बाळंतपणानंतरचे काही आठवडे यांचाही संबंध दिसून आला आहे. अशा पार्श्वभूमीवर मानेला बसलेला एखादा क्षुल्लक हिसका निमित्त ठरतो. मोटारीची मागून बसलेली धडक, अवजड वस्तू उचलणे, जोराची शिंक वा खोकल्याची उबळ, मान मागे टाकून छत रंगवणे, संगीताच्या तालावर डोके जोराने हलवणे, अशा निमित्तांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. कित्येकांना तर कोणतेच निमित्त आठवत नाही.

१९९३ साली अमेरिकेतील मायकेल वाइनट्रॉब या वैद्यांनी पाच स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. केशभूषागृहात केस धुण्यासाठी पन्हाळीवर मान मागे टाकून बसल्यानंतर त्यांना मेंदूच्या विकाराची लक्षणे जाणवली होती. तेव्हापासून या प्रकाराला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असे नाव पडले. असे क्वचितच घडते. पण मान फार वेळ मागे ताणून ठेवू नये, आणि ठेवावीच लागली तर तिच्याखाली टॉवेलची घडी असावी, एवढा बोध त्यातून घ्यावा.

जोराचा आघात झाला तर काय होऊ शकते याचे उदाहरण क्रिकेटप्रेमींच्या स्मरणात असेल. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर ६३ धावांवर खेळत असताना एक उसळता चेंडू त्याच्या शिरस्त्राणाखाली, मानेच्या बाजूला लागला. काही क्षणांत तो कोसळला. मानेतील मागची धमनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, त्याचे निधन झाले. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. इतका तीव्र प्रकार अत्यंत दुर्मिळ होय. आपण ज्याविषयी लिहीत आहोत त्या आजारात आघात बहुधा किरकोळ असतो आणि रक्तस्रावाऐवजी गुठळी घात करते. तथापि मानेतील धमनी ही किती जपण्याची वस्तू आहे, हे त्या घटनेने जगापुढे आणले.

मान मोडून घेण्याचा प्रघात

आपल्याकडे सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मालीश करून मान दोन्ही बाजूंस कडकन मोडून देण्याचा प्रघात आहे. त्याने मोकळे वाटते, असे लोक सांगतात. परंतु वरच्या मणक्याभोवती धमनीचा जो वळसा आहे, त्यावर अचानक दिलेल्या पिळाचा ताण पडतो, हे शरीररचनेवरून स्पष्ट आहे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली या प्रश्नाचा आढावा घेतला. मानेला दिलेले झटके आणि धमनीची चीर यांचा परस्परसंबंध आढळतो. मात्र झटक्यानेच चीर पडते हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा आशय होता. याचे एक कारण विचार करण्यासारखे आहे. चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळे मान दुखते आणि म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो, असेही घडते. परंतु या दोन्ही शक्यतांतून आपण घ्यावयाचा बोध एकच आहे. चीर नसेल तर झटक्याने ती पडण्याचा धोका कशाला पत्करावा? आणि चीर असेल तर तिच्यावर झटका देणे म्हणजे गुठळीला हात देऊन पुढे ढकलणे होय. यास्तव आमची आग्रहाची विनंती आहे की, कोणीही हौसेने मान मोडून घेऊ नये. आणि मान नव्याने दुखू लागली असता तर मुळीच नव्हे. सलूनवाल्या बंधूंनाही हे सौम्य शब्दांत सांगावे. त्यांचा हेतू सेवेचाच असतो.

योगासनांबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रिची रसेल या मज्जाविकारतज्ज्ञांनी मानेवर आत्यंतिक ताण देणाऱ्या आसनांविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. याचा अर्थ योगाभ्यास घातक आहे असा नव्हे. परंतु शीर्षासन, सर्वांगासन, हलासन ही आसने पुस्तक वा चित्रफीत पाहून, घाईने, मानेवर सर्व भार टाकून करण्याची नव्हेत. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली करावीत, आणि करताना मानेत कळ आली किंवा भोवळ आली तर त्याच क्षणी थांबावे. ‘आसन स्थिर व सुखद असावे’ ही आपल्या परंपरेची शिकवण येथेही लागू पडते.

त्याचबरोबर अकारण भीतीही नको. शिखराचे दर्शन घेण्यासाठी मान वर करणे, साष्टांग नमस्कार घालणे, फुगडी खेळणे यांनी धमन्या फाटत नाहीत. मान दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांची मान स्नायूंच्या आखडण्यानेच दुखत असते. वेदना नवी, अचानक, एका बाजूची व तीव्र असेल, अथवा तिच्यासोबत वर सांगितलेले एखादे लक्षण असेल, तरच तातडी करावयाची आहे.

वेळेचे मोल

२००६ साली अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी असा हिशेब मांडला की, मोठी धमनी बंद पडून झालेल्या पक्षाघातात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सरासरी एकोणीस लाख पेशी नष्ट होतात. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून द्यावयाचे असते, ते साधारणतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. मोठ्या वाहिनीत अडकलेली गुठळी मांडीच्या अथवा हाताच्या धमनीतून बारीक नळी घालून बाहेर काढता येते. हा उपचार सहा तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. मानेतील धमनीला चीर आहे एवढ्या कारणावरून हे उपचार नाकारले जात नाहीत.

मात्र त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन होणे अनिवार्य असते. लक्षणे सारखी दिसली तरी आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. म्हणून घरी वा वाटेत ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. मानेतील चीर दिसण्यासाठी रंगद्रव्य देऊन मानेच्या धमन्यांचेही स्कॅन किंवा एमआरआय करावे लागते. तरुण रुग्णाच्या नातलगांनी ‘चार दिवसांपासून मान दुखत होती’, ‘परवा गाडीवरून पडला होता’, ‘मान मोडून घेतली होती’ अशी माहिती डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. ती एक ओळ तपासणीची दिशा ठरवू शकते.

तीर्थ, अंगारा, कौल आणि रुग्णालय

हा भाग आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. देवळाच्या आवारात कोणी कोसळले की भोवतीची मंडळी धावतात. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी तीर्थ पाजतो, कोणी प्रसादाचा कण तोंडात घालतो. भाव निर्मळ असतो. परंतु पक्षाघातात गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. तोंडात घातलेले पाणी अशा वेळी श्वासनलिकेत जाते, रुग्ण गुदमरतो किंवा पुढे फुप्फुसांचा दाह होतो. तीर्थ मस्तकी शिंपडावे, अंगारा कपाळी लावावा. मुखात काहीही घालू नये.

दुसरी गोष्ट कौलाची. कोणतेही संकट आले की श्रींपुढे गाऱ्हाणे घालावे, पाकळ्या लावून प्रसाद घ्यावा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे आणि ती आम्ही शिरसावंद्य मानतो. पण पक्षाघाताच्या रुग्णाला घरात ठेवून, कौल मिळेपर्यंत थांबून, मग रुग्णालयात न्यावे, असे कोणी करू नये. रुग्ण रुग्णालयाच्या वाटेवर असताना घरातील दुसऱ्या माणसाने देवाकडे यावे. गाऱ्हाणे तेवढेच पोहोचते. ‘वारे गेले’ म्हणून तेल चोळत बसणे, झाडपाल्याचे औषध आणण्यासाठी दूरच्या गावी जाणे, यांतही हाच मोलाचा वेळ जातो. देवाने दिलेल्या बुद्धीने जे औषध निर्माण झाले, ते वेळेवर घेणे यात श्रद्धेला कोणताही बाध येत नाही, असे आमचे नम्र मत आहे.

सेवेकरी व स्वयंसेवकांसाठी सूचना

१. पक्षाघाताची शंका येताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि ‘पक्षाघाताची शंका आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

२. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहून नातलगांजवळ द्यावी. उपचाराचा निर्णय याच वेळेवर अवलंबून असतो.

३. चोवीस तास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मज्जाविकारांचे विभाग आहेत. जवळच्या लहान दवाखान्यात थांबून वेळ घालवू नये.

४. रुग्ण शुद्धीवर असल्यास आडवे निजवावे. उलटी होत असल्यास वा शुद्ध हरपत असल्यास कुशीवर वळवावे. श्वास थांबल्यास छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यास तत्काळ बोलवावे.

५. पडून मार लागला असल्यास मान हलवू नये. मानेला मालीश करू नये, ती वळवून पाहू नये.

६. खाणे, पिणे, तीर्थ, प्रसाद, गोळी, यांपैकी काहीही तोंडाने देऊ नये. रक्तदाबाची गोळीही देऊ नये.

७. लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत ओसरली तरी रुग्णालयात न्यावेच. असा ओसरलेला झटका हा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

८. जत्रोत्सवापूर्वी सभामंडपाचे छत झाडताना वा रंगवताना उंच शिडीचा उपयोग करावा, मान तासन्‌तास मागे टाकून काम करू नये, मधूनमधून विश्रांती घ्यावी. पालखी व रथ ओढणाऱ्यांनी भार आळीपाळीने घ्यावा. भार येऊन घुमणाऱ्यांच्या मानेत नंतर कळ उठली किंवा त्यांचा तोल जाऊ लागला, तर तो देवाचा कोप न समजता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.

पुढचे उपचार व आशेची बाजू

धमनीला चीर पडली म्हणजे सर्व संपले, असे मुळीच नाही. चीर बहुधा आपली आपण भरून येते. त्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. तोवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते. ते ॲस्पिरिनच्या जातीचे असावे की त्याहून तीव्र, याचा निर्णय तज्ज्ञांनी रुग्ण पाहून घ्यावयाचा असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅडिस’ नामक अभ्यासात ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील २५० रुग्ण होते. तीन महिन्यांत पहिल्या प्रकारचे औषध घेणाऱ्या १२६ जणांपैकी तिघांना आणि दुसऱ्या प्रकारचे घेणाऱ्या १२४ जणांपैकी एकाला पक्षाघात झाला. हा फरक निष्कर्ष काढण्याइतका नव्हता. २०२१ साली युरोपात झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही ॲस्पिरिन तितकेच गुणकारी असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही. रुग्णाच्या दृष्टीने या दोन्ही अभ्यासांतून मिळणारी दिलासा देणारी गोष्ट ही की, निदान होऊन औषध सुरू झालेल्यांपैकी फारच थोड्यांना नव्याने पक्षाघात झाला. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. त्यामुळेच पुष्कळांचे नुकसान होते.

या आजारातून उठलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा स्वतःचे व्यवहार स्वतः करू लागतात. व्यायामोपचार, वाचोपचार आणि घरच्यांचा धीर यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. तरुण माणसाच्या मनावर या आजाराचा घाव खोल बसतो. ‘मलाच का?’ हा प्रश्न त्याला छळतो, आणि गेल्या जन्मीचे पाप वा कुळाचा दोष असे कोणी त्याच्या कानी घातले तर तो अधिकच खचतो. धमनीच्या अस्तराला चीर पडण्यात कोणाचेही पाप नसते. अशा कुटुंबाला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक वाक्य त्यांना आवर्जून सांगावे, अशी आमची प्रार्थना आहे.

हा लेख माहितीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. महाजनांनी व भाविकांनी तो आपल्या घरातील तरुण मंडळींना वाचून दाखवावा, आणि अग्रशाळेत उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी वरील आठ सूचनांची प्रत दर्शनी भागी लावण्यास सेवेकऱ्यांनी साह्य करावे.

सर्वांस उदंड आयुरारोग्य लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.

— देवस्थान समिती